व्हिसा लीड्सचा, नंबर कल्याणचा

माणसाला गाव सोडता येतं, देश सोडता येतो, मनावर घेतलं तर तंबाखूही सोडता येते. पण वडिलांचा मोबाइल नंबर सोडून कुणी लांब गेल्याची नोंद अद्याप कुठेही सापडत नाही. कल्याण पश्चिमेच्या स्नेहसागर सोसायटीतली अकरा मुलं सध्या परदेशात शिकतात. त्यांपैकी दहा जणांच्या प्रत्येक खात्याला वडिलांचा नंबर जोडलेला आहे. (अकराव्याला आईचा आहे. तो जास्त शिस्तीत आहे.)

या दहा वडिलांमध्ये परशुराम घाग यांचं स्थान वरचं. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत ते अव्वल कारकून होते आणि त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज पहिल्या खेपेत पुढे गेला नाही, अशी त्यांची ख्याती होती. लोक त्यांना आदराने भाऊसाहेब म्हणत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्याकडे कुणी काही मागेनासं झालं. दूधवालासुद्धा थेट त्यांच्या पत्नीशी, मंदाकिनीबाईंशी बोलायचा. याचं भाऊसाहेबांना फार वाईट वाटे.

अशा पडत्या काळात इंग्लंडचं सरकार त्यांच्या मदतीला धावून आलं. मुलगी रसिका हिला लीड्सला प्रवेश मिळाला, आणि व्हिसा मिळाला तो डिजिटल. म्हणजे पासपोर्टात शिक्का नाही की चिकटवलेला कागद नाही. व्हिसा सरकारच्या वेबसाइटवर असतो. तो कुणाला दाखवायचा झाला की आत शिरायला मोबाइलवर सहा आकडी कोड येतो. माजिवड्याच्या एजंटने, सर्वेशने, अर्ज भरताना विचारलं, ‘काका, नंबर कोणाचा टाकू?’

‘माझा. हिचं सिम सारखं बदलतं.’

‘आणि ईमेल?’

‘तोही माझाच.’

(ईमेलचा पासवर्ड म्हणून भाऊसाहेबांनी आपल्या लग्नाची तारीख ठेवली. त्यामुळे तो कायमचा विसरला गेला.) रसिका स्वतः संगणक अभियंता असल्याने तिचं मत विचारण्यात आलं नाही. अशा रीतीने इंग्लंडची हद्द कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत वाढली.

लीड्सला पोचल्यावर रसिका एका मैत्रिणीकडे जमिनीवर गादी टाकून राहू लागली, कारण तिथे व्हिसा दाखवल्याशिवाय कुणी खोली भाड्याने देत नाही. व्हिसा दाखवायचा तर कोड हवा, आणि कोड कल्याणला. भाऊसाहेबांनी लगेच कार्यपद्धती आखली. मागणाऱ्याने आधी प्रयोजन सांगावं. फोन व्हिडिओवर करावा, म्हणजे तब्येत उतरली का ते दिसतं. जेवणाचा तपशील स्वतंत्रपणे द्यावा. दुपारी दोन ते चार कामकाज बंद (झोप). कोड दहाच मिनिटं चालतो, ही इंग्लंडची अडचण होती, भाऊसाहेबांची नव्हे.

पहिल्या खोलीच्या वेळी रसिका घाईत होती.

‘पप्पा, कोड आला ना? पटकन सांगा, घरमालकीण समोर उभीय.’

‘आलाय. कशाला पाहिजे?’

‘रूमसाठी! काल सांगितलेलं ना मी!’

‘त्या घरात अजून कोण कोण आहे?’

‘दोन मुली आणि एक मुलगा. त्याची रूम वेगळी आहे ओ पप्पा.’

‘मुलगा? कुठला?’

मुलगा नागपूरचा निघाला. त्याचे वडील काय करतात हे कळेपर्यंत दहा मिनिटं संपली. दुसरा कोड आला तेव्हा फोन मंदाकिनीबाईंच्या हातात होता, आणि त्यांना लोणच्याबद्दल विचारायचं होतं. खोली एका पोलिश मुलीला मिळाली. (तिचे वडील काय करतात हे कुणीही विचारलं नाही. पुढारलेल्या देशांत चौकशी इतकी ढिली असते.)

दुसरी खोली दुपारी पावणेतीनला आली, म्हणजे आली नाही.

‘अहो, टाकू द्या की पोरीला तिचा स्वतःचा नंबर,’ मंदाकिनीबाई म्हणाल्या. ‘जमिनीवर झोपतेय ती.’

‘सुरक्षेचा प्रश्न आहे,’ भाऊसाहेब म्हणाले. एरवी ते खुशीत होते. सोसायटीच्या बाकावर गप्पा चालू असताना फोन वाजला, की ‘इंग्लंडचं काम आलं’ असं म्हणून ते उठत.

तिसरी खोली छान होती. कॉलेज चालत जाण्यासारखं, आणि मालकीण संध्याकाळपर्यंत थांबायला तयार. रसिकाने व्हिडिओवर येऊन, खाल्लेल्या सँडविचचा तपशील देऊन, शांतपणे सांगितलं, ‘पप्पा, आता जो कोड येईल ना, तो शेवटचा. मी तिथे माझा नंबर टाकतेय. मग तुम्हाला परत त्रास नाही.’

कोड आला. भाऊसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. हे सहा आकडे सांगितले की इंग्लंडचं काम बंद. मग रविवारी एक फोन, ‘कसे आहात’ आणि ‘बरं, ठेवते’. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि तो संदेश आयुष्यात पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. आकड्यांच्या खाली स्वच्छ इंग्रजीत सूचना होती, की हा कोड कोणालाही सांगू नये.

लेखी आदेश मोडणाऱ्यांतले भाऊसाहेब नव्हेत.

‘नाही आला गं,’ ते म्हणाले. ‘इथे रेंजचा घोळ आहे. उद्या बघू.’

तिसरी खोली गेली. रसिका अजून जमिनीवर झोपते; पण घरी दिवसातून तीनदा फोन करते आणि रेंज आली का म्हणून विचारते. ती कल्याणला असताना बापलेकीत इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

वाचकहो, तुम्हाला भाऊसाहेबांचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. राग ताजा आहे तोवर आपल्या मुलाला फोन लावा आणि सांगा, ‘तुझ्या खात्यांवरून माझा नंबर काढून टाक, कोड मी सांगतो.’ लावा की. काय म्हणालात, तो अजून लहान आहे? वय किती?