वाघोबांचा किरण आणि साळिंदरिणीची काच

एका जंगलात, मुलांनो, एक ओढा होता आणि एक लेझरही होता. लेझर वाघोबा महाराजांचा. ओढा सगळ्यांचा, म्हणून आटलेला. दरड कोसळून वरच्या अंगाला एक मोठा खडक आडवा पडला होता.

लेझरने खडक फोडायचं ठरलं. पण खडक होता वळणापलीकडे. किरण वळवायला आरसा हवा. आरसे करायची साळिंदरीण. तिने दोन लावले, दोन्ही तडकले.

"तिसरा तडकला, तर पिल्लं घेऊन जंगल सोडायचं," वाघोबा म्हणाले.

त्या जंगलात एक रीत होती. महाराजांच्या किरणाआधी दरबाऱ्यांनी आपले बारके किरण पुढे सोडायचे. स्वागताला. ते आरशावरून वळून खडकावर पोचत आणि नुसता धूर करत. मग महाराजांचा किरण येई आणि आरसा तडके.

तिसऱ्या वेळी साळिंदरिणीने साधी, आरपार दिसणारी काच उभी केली.

"वहिनी, ही तर खिडकी," प्रधान कोल्हा म्हणाला. "आरसा घरी विसरलात का?"

"महाराज आले की होईल आरसा, भावजी."

"आणि नाही झाला तर?"

"सामान बांधूनच आलेय." पिल्लं गाठोड्यावर बसली होती.

दरबाऱ्यांचे किरण आले. काचेतून सरळ पार गेले आणि पलीकडे कोल्ह्याचं छप्पर पेटलं.

मग महाराजांचा किरण आला. काचेचा वरचा पापुद्रा जळून त्याचा झगझगता वायू झाला. शिकलेले लोक त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि तो आरशासारखा किरण परतवतो. आधीच फुटून गेलेल्याला तडा कुठे जाणार? किरण त्याच्यावरून वळला, खडक फुटला, पाणी आलं. पिल्लं गाठोड्यावरून उतरून पळाली.

काचेवर काळा डाग राहिला.

"जळली की ही," वाघोबा म्हणाले.

"जळली म्हणून तर किरण वळला, महाराज. पुढच्या वेळी काच थोडी सरकवायची, म्हणजे कोरी जागा पुढे येईल."

कोल्हा छप्पर विझवून आला. "छे हो, महाराज. तुमच्या नुसत्या दर्शनाने खिडकीचा आरसा झाला."

वाघोबांना हे पटलं. ओढ्याला त्यांचं नाव दिलं गेलं. कोल्ह्याला नवं छप्पर मिळालं. साळिंदरिणीला जंगलात राहू दिलं, काच सरकवायच्या कामावर.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांसमोर कणखर राहू नका. तडकलात तर हाकलतील. वेळेवर जळा, म्हणजे त्यांचं तेज छान दिसतं, आणि तुम्हाला थोडं बाजूला सरकवून पुन्हा वापरता येतं.