लोंबणारं काही दिसता कामा नये

एका जंगलात, बाळांनो, भर सकाळी एका वडाच्या मुळाशी टिटवीच्या घरात ‘चट्’ असा आवाज झाला. फार मोठा नाही. पोह्याचा पापड मोडावा एवढाच.

टिटवीचं नाव तरला. ती एरवीही दचकायचीच. पान पडलं तरी दचकायची, आणि पडायचं राहिलं तर ‘का बरं पडलं नाही’ म्हणून दचकायची. शिकलेली होती ना. कॉलेजात तिने ‘संभाव्य संकटे’ हा विषय घेतला होता आणि त्यात पहिली आली होती. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

पण हा ‘चट्’ वेगळा होता. तो काचेच्या टाकीमागून आला होता. आणि टाकीमागे तर काहीच नव्हतं. म्हणजे, दिसत नव्हतं.

टाकीत वेणूआत्या राहायची. वेणूआत्या म्हणजे एक म्हातारी मासोळी. उन्हाळ्यात तिचं डबकं आटलं तेव्हा तरलानेच तिला चोचीत धरून घरी आणलं होतं. मासोळी चोचीत धरायची आणि गिळायची नाही, हे सोपं नाही, बाळांनो. तुम्ही पेढा धरून बघा.

तर वेणूआत्या वर आली आणि म्हणाली, “तरला, आज पाण्याला मुंग्या आल्यात गं.”

“कुठायत मुंग्या?”

“दिसत नाहीत. पण चावतात. शेपटीला झिणझिण्या येतायत.”

कालचा दिवस तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

कालपर्यंत टाकीमागे तीन वायरी लोंबत होत्या. एक हवेच्या पंपाची, एक दिव्याची, एक पाणी गाळायच्या यंत्राची. त्या नारबाकाकांनी बसवल्या होत्या. नारबाकाका म्हणजे त्या वडावरचे वायरमन, एक वयस्कर वटवाघूळ. त्यांनी प्रत्येक वायरला चांगला वीतभर झोळ दिला होता. वायर आधी खाली लोंबायची, मग वळून वर प्लगात जायची.

“हा झोळ कशाला, काका?” तरलाने विचारलं होतं.

“टाकीचं पाणी वायरवरून ओघळतं, पोरी. झोळ असला की थेंब तळाशी येतो आणि जमिनीवर टपकतो. झोळ नसला की सरळ प्लगात जाऊन बसतो. पुढचं तुझ्या पुस्तकात असेल.”

ते होतं. पान चाळीस.

“आणि तसं झालंच, तर प्लगला चोच लावायची नाही. आधी मेन स्विच. तो इथं, खोडावर. माझ्या भाषेत सांगायचं तर, जगात दोनच गोष्टी भरवशाच्या. एक मेन स्विच, दुसरं लोंबणं.”

पण मग जंगलात ‘नीटनेटकी ढोली’ स्पर्धा आली. वडाचे अध्यक्ष अप्पासाहेब वानर यांनी नियम जाहीर केला. लोंबणारं काही दिसता कामा नये. स्वतःची शेपटी त्यांनी गुंडाळून काखेत धरली होती. त्यामुळे एकच हात मोकळा राही, आणि एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणून ते सभेत मांडीवर वाजवत. पारंब्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं. त्यांना ‘खांब’ म्हणायचं ठरलं. वटवाघळांचं काय, असंही कुणीतरी विचारलं. ‘त्यांची सोय करण्यात आली आहे,’ असं सूचनेत आलं. कुठे, ते आलं नाही.

मग वरच्या फांदीवरच्या कुमुदवहिनी खाली आल्या. कुमुदवहिनी म्हणजे सुगरण पक्षीण. विणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“अगं बाई, या वायरी की धुतलेले पायजमे?” वहिनी म्हणाल्या. “तू हो बाजूला.”

“वहिनी, तो झोळ मुद्दाम—”

“मुद्दाम कोण गबाळं राहतं का? तुझं आपलं काहीतरीच.”

आणि त्यांनी तिन्ही वायरींची घट्ट वेणी घातली. ताणून सरळ प्लगापर्यंत नेली. वर शेवाळ, शेवाळावर पानं, पानांवर दोन शंख. झोळ नाही, वायर नाही, प्लगही नाही. तरलाला कसंसंच झालं. पण सगळे म्हणत होते की छान दिसतंय, आणि तिला कसंसं तर रोजच व्हायचं. तिने वेणी तशीच राहू दिली.

आता पुन्हा ‘चट्’ झालं.

“आई गं,” वेणूआत्या म्हणाली. “मुंग्या मोठ्या झाल्या.”

तरला खोडाकडे धावली. मेन स्विचच्या जागी एक भलीमोठी फळी ठोकली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘नेटके घर, सुखी परिवार.’ तरलाने फळीला चोच मारली. चोच दुखली. सुविचार जागचा हलला नाही.

तिने नारबाकाकांना फोन लावला. रिंग जात राहिली. खोडात कुठेतरी एक रातकिडा किरकिरू लागला. फोन ठेवला तसा तोही थांबला. घाबरलेल्याचं तिकडे लक्ष जात नाही, बाळांनो. तिने वडाच्या मदतकेंद्राला फोन लावला.

“आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. शेंड्याच्या तक्रारीसाठी एक दाबा. फांदीच्या तक्रारीसाठी दोन दाबा. मुळाशी राहणाऱ्यांनी फोन ठेवावा.”

एवढ्यात दारात परीक्षक. पुढे अप्पासाहेब, मागे कुमुदवहिनी.

“अप्पासाहेब, मेन बंद करा,” तरला म्हणाली. “प्लगात पाणी गेलंय. आत्याला झटके बसतायत.”

“कुठला प्लग?” अप्पासाहेबांनी चष्मा लावला. “मला तर एकही दिसत नाही. वा. यालाच म्हणतात घर.”

“लपवलाय तो. शेवाळाखाली.”

“हेच तर कौशल्य. वहिनी, यांना दहापैकी दहा.”

‘चट्.’ वेणूआत्याने पाण्याबाहेर उडी मारली आणि पुन्हा आत पडली.

“नाचतेसुद्धा,” अप्पासाहेब म्हणाले. “आणखी एक गुण. दहापैकी अकरा.”

“नाचत नाहीये मेल्या,” वेणूआत्या म्हणाली. “तू उतर पाण्यात, तुलाही येईल.”

“तरला, घाबरट ती घाबरटच राहिलीस हं,” वहिनी म्हणाल्या. “चार पाहुणे आलेत, जरा हसून बोलावं.”

बाळांनो, टिटवीला देवाने एक आवाज दिला आहे. तो तीन रानांपलीकडे जातो. तरलाला मात्र त्या आवाजाबद्दल तीन नोटिसा आल्या होत्या. ‘विनाकारण ओरडू नये.’ त्या तिने घडी करून उशाखाली ठेवल्या होत्या. वर्षभर ती कुजबुजत जगत होती.

तिने टाकीकडे पाहिलं. वेणूआत्या एका कुशीवर कलंडत होती. एक कल्ला हलत होता, दुसरा थांबून थांबून.

कारण होतं.

तरलाने मान वर केली, डोळे मिटले आणि ओरडली. टिटीव-टिव, टिटीव-टिव, नारबाकाका. वडाची पानं हलली. शंख गडगडले. अप्पासाहेब इतके दचकले की काखेतली शेपटी सुटली आणि सगळ्यांसमोर जमिनीपर्यंत लोंबली. वहिनींनी लाजून तोंड फिरवलं.

तरला थांबली नाही. दुसऱ्यांदा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली. घसा बसत आला.

आणि मग सुविचाराच्या फळीमागून कुणीतरी खाकरलं. वटवाघळांची सोय तिथेच करण्यात आली होती. फळी आणि खोड यांच्या फटीत, दाटीवाटीने, उलटी. त्यांना दिवसा फोनने जाग येत नाही.

फळीआड ‘खट्’ झालं. टाकीतला दिवा विझला. बुडबुडे थांबले. वेणूआत्याने हळूच पोट फिरवलं आणि सरळ झाली.

“मेन माझ्या नाकाशीच आहे. केला बंद,” नारबाकाका झोपाळू आवाजात म्हणाले. “आता सांग पोरी, झोळ कुणी काढला?”

तात्पर्य: बाळांनो, घर नेहमी नेटकं ठेवावं. म्हणजे जळलं तरी काय जळलं ते कुणाला दिसत नाही, आणि बक्षीस परत द्यावं लागत नाही. शेजारी एखादी घाबरट असू द्यावी. फक्त तिला तळमजला द्यावा आणि वेळोवेळी नोटीस पाठवत राहावी.