सरूच्या हळदीतल्या मुक्या झांजा

मी गुप्तहेर कमळाकर. पेणपासून रोह्यापर्यंत माझी जरब एवढी, की कित्येक चोर चोरी सोडून डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागले. माझी बायको शकू म्हणते, "तुम्ही पन लागा."

त्या संध्याकाळी खांब गावात आमच्या नात्यातल्या सरूची हळद होती. ड्रमवर तिचा सख्खा भाऊ हिरामण. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट बदलून त्यानं पेणहून नवा हाय-हॅट स्टँड आणलेला. वर दोन झांजा, खाली पायपट्टी; पाय दाबला की झांजा मिटून 'छिक' व्हायचं. दोन पायांचा स्टँड हलका होता, पण सारवलेल्या जमिनीवर डुलेल म्हणून यानं तीन पायांचा, वजनदार निवडला. नव्या गाडीची करतात तशी त्याची पूजा मी जातीनं केली. हळद, कुंकू, लिंबू, आणि पायाशी झेंडूचा ढीग.

आणि 'छिक' काही होईना. रुसलेल्या जावांसारख्या झांजा बोटभर अंतर राखून उभ्या.

"सांगितला व्हता, दोन पायांचा घे," बेंजोवाला जनू फणकारला. "आता बोलवा दुसरी बेंजो पार्टी."

सरूनं पिवळ्या हातांनी डोळे पुसले. "दादा नाय वाजवणार तर मी नाय नाचायची."

मी भिंग काढलं. "घातपात! दुसऱ्या पार्टीनं मधली दांडी ओढून लांब केली."

"लोखंड हाय का चकली?" शकू म्हणाली.

"मग मिठागराची हवा. झांजा फुगल्या."

"खांबला मिठागर कुठं हाय?"

"वारा येतो गो!"

हिरामण कळवळला, "काका, पायाखाली टणक लागतंय."

"नवा माल टणकच असतो. साक्षीदारानं मध्ये बोलू नये."

तेवढ्यात हिरामणची आई ठमाबाई चुलीवरून उठून आली. "कोलंबीला लिंबू नाय गो! पूजेचं कुठं हाय?"

तिनं झेंडू उपसला, पायपट्टीखाली हात घातला आणि हिरवंगार, दगडासारखं लिंबू बाहेर काढलं.

छिक.

छिक, छिक. मांडवाच्या डहाळ्या हलल्या, बांगड्या बोलल्या, आणि सरू पाटावरून उठली.

"गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं हितं ठेवलं कुणी?" शकूनं माझ्याकडंच बघत विचारलं.

मी भिंग खिशात टाकलं. तपास पुढं नेला असता तर मोठमोठी नावं बाहेर आली असती. लग्नघरात ते बरं दिसत नाही. म्हणून पहिल्या पंगतीला बसून पुरावा कोलंबीवर पिळून घेतला.

जरा कच्चाच निघाला.