डोळा लवायच्या आत कोहळा

"डोळा लवायच्या आत पान उघडेल, नाहीतर नाव बदलेन!" इंदिरानगरच्या ऑफिसात निहारने छाती ठोकून सांगितलं. त्यांच्या किराण्याच्या अ‍ॅपच्या पोटात 'पुन्हा मागवा' हे वेबपान उघडायचं, पण असं रेंगाळत, की तोवर गिऱ्हाईक कोपऱ्यावरून भाजी घेऊन परतायचं! पद्मनाभसाहेबांनी शब्द दिला होता, "दसऱ्याच्या आयुधपूजेच्या आत वेग वाढव, टीम लीड तूच."

निहारने शक्कल लढवली. अ‍ॅप उघडलं, की आतली पानं मागच्या मागे आधीच उघडून ठेवायची! आणि 'नक्की मागवायचं ना?' असं विचारणारं पान? वेळखाऊ मेलं! उडवूनच टाकलं. चाचणीसाठी नवं अ‍ॅप साहेबांच्या आणि घरमालकीण सोयराबाईंच्या, म्हणजे कानडी अक्कांच्या, फोनवर घातलं.

पूजेच्या सकाळी खालून अक्कांची हाक आली, "तम्मा, बाळा, खाली ये!"

फाटकापासून तुळशीपर्यंत कोहळेच कोहळे!

"अय्यो, पूजेला स्कूटरपुढे फोडायला एकच मागवला रे मी! कुठवर आला बघायला अ‍ॅप उघडते, तर दरवेळी नवा येतोय!"

निहारच्या ध्यानात आलं. 'पुन्हा मागवा' आपोआप उघडत होतं, म्हणजे न विचारता तीच ऑर्डरही पुन्हा जात होती! पण चूक कबूल करेल तो निहार कसला? उलट तोच भडकला.

"अक्का, सारखं उघडून बघायचं कशाला? वेग नसला तरी बोंब, दिला तरी बोंब! पान किती पटकन उघडतं, ते कुणी बोलणार नाही!"

"पान झकास उघडतंय रे. फाटक उघडत नाहीये!"

तेवढ्यात साहेबांचा फोन. लीडपदाचीच बातमी असणार! निहारने हरखून उचलला.

"निहार, गाडीच्या चाकांखाली ठेवायला चार लिंबं मागवली होती! सकाळपासून तुझा वेग बायकोला दाखवतोय, सासऱ्यांना दाखवतोय, आणि दारात लिंबांचा ढीग! थांबव हे!"

"सर, 'रद्द करा' दाबा ना!"

"दाबलंय! नुसतं चक्र फिरतंय!"

"त्या पानाचा वेग... पुढच्या महिन्यात वाढवणार होतो, सर."

"पुढच्या महिन्यात नवा लीड वाढवेल!" फोन कट!

निहार पायरीवर मटकन बसला. एवढी मेहनत, आणि हे बक्षीस? त्याला अगदी रडू यायला लागलं. अक्कांना दया आली.

"सरी, बरं, सोड. दृष्ट लागली तुला." त्यांनी एक कोहळा त्याच्यावरून ओवाळला आणि रस्त्यावर फोडला. "एक कमी झाला बघ! थांब, अजून किती यायचेत, अ‍ॅपात बघते..."

"अक्का, नको!"

पण निहार ओरडेपर्यंत पान उघडलं होतं. डोळा लवायच्या आत.