व्हर्जिलच्या तारांवरचा मळ

तारा पातेल्यात टाकल्यावर पाणी आधी चहासारखं झालं, मग काढ्यासारखं, आणि वर तेलाचा तवंग आला तेव्हा लोर्ना हॅस्केट समाधानाने हसली.

“एवढा मळ होता! म्हणून तर आवाजाचं मोजमाप रोज वेगळं येत होतं.”

गिटारींना रंग देणारा रिगो साल्सेदो कॉफी घ्यायला आला होता. त्याने पातेल्यात डोकावलं आणि कप तसाच खाली ठेवला.

“कुणाच्या तारा या?”

“स्टब्सच्या बेस गिटारच्या. उकळल्या की नव्यासारख्या होतात, तूच तर शिकवलंस.”

“अगं, ते माझ्या तारांचं सांगितलं होतं! व्हर्जिल स्टब्सच्या तारांना साधं फडकंसुद्धा लावायचं नसतं!”

व्हर्जिल स्टब्सने सारी हयात कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या गुत्त्यांत बेस गिटार वाजवण्यात घालवली होती. फुलर्टनमधला हा छोटासा कारखाना त्याच्या जुन्या गिटारची नवी आवृत्ती काढणार होता. बाहेरून अंगकाठी तीच, पण लाकूड हलकं, मानेत न वाकणारी सळई, आणि पोटात लोर्नाने बसवलेलं सर्किट, ज्यामुळे जुन्या गिटारची ती कायमची गुणगुण बंद होणार होती. या सर्किटवर लोर्नाने तीन वर्षं घालवली होती. नवीचा आवाज जुनीसारखा आला तर व्हर्जिल तिला आपलं नाव देणार होता. मालक प्रुइट पूर्वी स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं बनवायचे. ते रोज एकदा तरी म्हणायचे, “सही झाली तर गिटार, नाहीतर पुन्हा दारं.”

नमुन्यासाठी जुनी गिटार ठेवून जाताना व्हर्जिल एवढंच बोलला होता, “तारा पुसायच्या नाहीत. लग्नापासून त्याच आहेत.” लोर्नाला तो विनोद वाटला होता.

तिने तारा पुसून, कोरड्या करून पुन्हा चढवल्या. आधी या गिटारचा आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा यायचा. आता एक तार छेडली तर खिडकीची काच थरथरली.

“गेली तुझी नोकरी,” रिगो म्हणाला. “माझीसुद्धा. मला दारं रंगवायला आवडत नाहीत गं.”

“तो उद्या येणार आहे ना? मळ म्हणजे काय असतो शेवटी? घाम, तेल, साखर आणि कातडीचा चुरा. जे काढता येतं ते परतही लावता येतं. तो खातो काय, सांग.”

“डोनट. दोन गाण्यांच्या मधे डोनट खातो आणि तशाच बोटांनी पुढचं गाणं सुरू करतो.”

रिगोने कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकंभर डोनट आणले. लोर्नाने सगळा कारखाना रांगेत उभा केला. प्रत्येकाने एक डोनट खायचा, तारांवर बोटं चालवायची आणि पुढे सरकायचं.

“हात धुतलेस का?” ती प्रत्येकाला विचारत होती.

“हो, स्वच्छ धुतलेत.”

“मग बाहेर हो. जा, आधी करवतीखालचा भुसा साफ करून ये.”

आवाज जरासा मऊ झाला खरा. पण तेवढ्यात खिडकीतून मुंग्या आल्या. टेबलावरून गिटारच्या मानेवर, मानेवरून तारांवर, आणि तिथून थेट पोटात.

“आत गेल्या,” रिगो म्हणाला.

“किती?”

“हजेरी घेऊ का?”

हवेच्या नळीने मुंग्या उडवल्या आणि कोमट पाण्याने साखर पुसून काढली. लोर्नाने निष्कर्ष काढला, की साखर नको, नुसती चरबी हवी. रस्त्यापलीकडे एकजण कोळशावर मांस भाजून विकायचा. त्याच्याकडून बरगड्या आल्या. रिगोने एक बरगडी तारांवरून अशी काही फिरवली, की बघणाऱ्याला वाटावं तो सारंगी वाजवतोय. लोर्नाने तार छेडली. थप्प! ओलं पोतं!

“रिगो, जमलं रे!” ती ओरडली. दोघं हात धुवायला गेली.

परत येऊन पाहतात तर प्रुइटसाहेबांचा कुत्रा ड्यूक गिटारसमोर बसला होता आणि वरपासून खालपर्यंत तारा चाटत होता. पहिल्यापेक्षाही जास्त चकचकीत झाल्या होत्या त्या.

आणि दाराशी हॉर्न वाजला.

“उद्याचं आजच आलो,” व्हर्जिल आत येत म्हणाला. “डार्लीनचा दाताचा डॉक्टर इथेच आहे, म्हटलं एका फेरीत दोन्ही कामं उरकू.” मागून त्याची बायको डार्लीन आली. त्यांच्या बँडमध्ये ती गायची.

लोर्ना कबुली द्यायला तोंड उघडणार, इतक्यात व्हर्जिलने जुनी गिटार गळ्यात अडकवून बँडचं नेहमीचं गाणं वाजवायला सुरुवातही केली. खणखणाट! त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग त्याने तेच गाणं नव्या गिटारवर वाजवलं. तीही तशीच खणखणीत. लोर्नाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऐंशी वर्षांच्या कानांना हे वरचे आवाज ऐकूच जात नाहीत!

“दोन्ही सारख्याच,” व्हर्जिल म्हणाला. “आणा ते पेन.”

प्रुइटसाहेबांनी पेन पुढे केलं.

“थांब,” डार्लीन म्हणाली. “तिसरी ओळ परत वाजव.”

“काय झालं?”

“वाजव म्हणते ना.”

त्याने वाजवली. तिने कंबरेवर हात ठेवले.

“तू चुकीचा सूर वाजवतोस! चक्क चुकीचा! आणि मला काय सांगत आलास इतकी वर्षं? ‘डार्लीन, तिसऱ्या ओळीत तुझा सूर उतरतो.’ त्या एका ओळीसाठी मी मध चाटला, शिकवणी लावली, चर्चमध्ये गायचं सोडलं!”

आता कुठे व्हर्जिलने तारांकडे नीट पाहिलं. मग लोर्नाकडे.

“पोरी, पुसू नको म्हटलं होतं मी.”

“हो, मिस्टर स्टब्स.”

“उगाच म्हटलं होतं का?” त्याने पेन खाली ठेवलं. “असल्या गिटारला मी नाव देणार नाही. हिच्यात सगळं ऐकू येतं.”

प्रुइटसाहेब मटकन स्टुलावर बसले. लोर्नाच्या डोळ्यांपुढे कपाटांची दारं नाचू लागली.

“मी देते की,” डार्लीन म्हणाली आणि पेन उचललं.

“बेस गिटारला गाणारीचं नाव? लोक हसतील!”

“हसू देत. निदान त्यांना सूर तरी ऐकू येतील.”

तिने ठसठशीत सही केली. ‘डार्लीन’ बाजारात आली, आणि पहिली गिटार डार्लीनने स्वतः विकत घेऊन नवऱ्याच्या गळ्यात अडकवली. बेकर्सफील्डच्या पहिल्याच कार्यक्रमाला लोर्ना आणि रिगोला पुढच्या रांगेतल्या खुर्च्या मिळाल्या. त्याच गाण्याची तिसरी ओळ आली तसा व्हर्जिलने मुकाट्याने तारांवरून हात उचलला, आणि डार्लीन एकटीच, मान ताठ ठेवून, ती ओळ गायली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“काय गायली!” रिगो म्हणाला. “हो ना गं?”

लोर्नाचा कान मोजमापाला सरावलेला होता. डार्लीनचा सूर खरोखरच उतरला होता.

“अगदी बरोबर गायली,” लोर्ना म्हणाली, आणि जोरजोराने टाळ्या वाजवू लागली.