फियाट आणि पंधरावा सोमवार

एकदा मौन धरलं की ब्रह्मदेव समोर उभा राहिला तरी मी तोंड उघडत नाही! सोळा सोमवारांचं माझं व्रत, त्यात सूर्योदय ते सूर्यास्त मौन. चौदा सोमवार निर्विघ्न पार पडले. दूध उतू गेलं, न्हाणीत विंचू निघाला, नणंदबाई दोन तास बसून गेल्या. ओठ म्हणून हलला नाही. गुरुजींची ताकीदच होती, "चिठ्ठी लिहिणं म्हणजेही बोलणंच. मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून!"

हे सगळं आमच्या लेकीच्या, नीरजाच्या संसारासाठी. शुक्रवारी तिचं लग्न, आणि तिला कार्यालयात न्यायचं ते माझ्या सासऱ्यांच्या फियाटमधूनच, हा ह्यांचा हट्ट. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून हे त्या गाडीतच राहायला गेल्यासारखे! रविवारी ह्यांनी इंजिनातली टायमिंगची साखळी स्वतःच बदलली.

"बत्तीस वर्षं मशिनं चालवलीत मी. मेकॅनिक कशाला?"

सोमवारी सकाळी इंजिनाचे चारही प्लग अजून बाहेरच होते. सुरू करण्याआधी पूजा हवीच! मी इंजिनावर विड्याचं पान मांडलं, त्यावर पाच हळकुंडं आणि बदाम ठेवले, हात जोडले. ह्यांनी घाईघाईने सगळं गोळा करून माझ्या ताटात ओतलं, प्लग बसवले, किल्ली फिरवली.

खट्!

पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवलं, तर तेही मधेच अडलं. हे मटकन पायरीवर बसले.

"साखळीचा दात चुकला माझा. इंजिन जाम! बाबांची गाडी मी मारली, नीरजा."

"बाबा, आपण भाड्याची कार घेऊ ना. चिल!"

"तू गप्प बस. बोलायची ही वेळ नाही."

मी तर गप्पच होते! देवघरात येऊन ताट आवरायला घेतलं आणि हळकुंडं मोजली. पाच हळकुंडांतली चारच! पाचवं कुठं? प्लगच्या भोकात! दुसरं कुठं जाणार?

धावत बाहेर आले. आधी इंजिनाकडे बोट दाखवलं, मग दोन्ही गालांवर हळद चोळल्याची खूण केली.

"डंब शराजचा खेळ!" नीरजा खूश. "हळद? अगं आई, हळदीचा कार्यक्रम गुरुवारी आहे."

"तसं नाही," हे खिन्नपणे म्हणाले. "माझं तोंड काळं झालंय, ते धुवायला सांगते आहे. खरंच आहे तिचं."

आणि खरोखर तोंड धुऊन आले! मी कपाळावर हात मारला, तर तिथेही साबण लावून आले!

शेवटी नीरजाने वारज्याहून उत्तरेश्वर मेकॅनिकला बोलावलं. लातूरकडचा माणूस, बोलणं मोजकं. प्लग काढले, हँडल पुढे फिरवलं, मागे फिरवलं.

"सायेब, जाम न्हाई. जाम यंजिन दोन्हीकडं अडतं. हे मागं फिरतंय, पुढंच अडतंय. आत कायतरी बसलंय."

"साखळीचाच दोष. इंजिन उघडावं लागणार," हे म्हणाले.

"मग शुक्रवार इसरा."

ह्यांचे डोळे भरून आले. उत्तरेश्वरने एकेका भोकात तार घातली, चिमटा घातला, बराच वेळ वाकून काहीबाही केलं. मी खांबाआडून बघत होते. सूर्य काही मावळायचं नाव घेईना! आणि त्याने एकदम भला मोठा हातोडा उचलला.

"थांबा!" मी किंचाळले. "फोडू नका! आत माझं हळकुंड आहे!"

सगळे थिजले. पंधरावा सोमवार गेला. पाठोपाठ आधीचे चौदाही!

उत्तरेश्वरने शांतपणे हातोड्याने चाकाखालची वीट सरळ केली. मग खिशातून पिवळंजर्द हळकुंड काढलं.

"ताई, ते कवाच काढलं. सायेबांसमोर तुमचं नाव निघू नये म्हणून गप बसलो हुतो."

ह्यांनी हळकुंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे... साखळी बरोबर बसली होती?"

"एक नंबर, सायेब!"

उत्तरेश्वरने प्लग बसवले, ह्यांनी किल्ली फिरवली. फियाट सुरू झाली! हे लहान मुलासारखे हसले. माझे पंधरा सोमवार गेले, तरी मलाही हसू आलं. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून शेजारच्या श्यामलाताई डोकावल्या.

"झाली वाटतं दुरुस्त? मघाशी हॉर्न ऐकला. आपल्या बिबवेवाडीभर पोचला हो!"

हॉर्न तर कुणी वाजवलाच नव्हता! मी पुन्हा मौन धरलं.