खाजकुयली आणि शाब्बासकी

थोरल्या जावयाला आयुष्यात फार काही नको होतं. सासऱ्यांनी एकदा पाठीवर थाप मारून ‘शाब्बास’ म्हणावं, बस्स. धाकट्या जावयाला ती थाप उठता-बसता मिळे. (त्याने एकदा गळका नळ दुरुस्त केला होता. त्या पुण्याईवर तो अजून जगत होता.)

म्हणून सासऱ्यांनी टेकडीवर फिरायला जायची टूम काढली, तेव्हा थोरल्याने कंबर कसली. टेकडीवर खाजकुयली माजलीय, अंगाला लागली की माणूस नाचतो, असं त्याने ऐकलं होतं. त्याने मोबाइलवर तिच्या पानांचे फोटो अगदी घोकून काढले आणि निघताना बायकोचे भांडी घासायचे रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवले.

“अहो, फिरायला चाललाय की कुणाचं बाळंतपण करायला?” बायकोने विचारलं.

वाटेत त्याने सासऱ्यांना नको नको केलं.

“थांबा बाबा! तीन-तीन पानं!”

“जावईबापू, रानघेवडा आहे तो.”

“सुरुवातीला घेवडाच वाटतो, बाबा!”

चढ संपता संपता सासरे दमले. समोर छान सपाट दगड होता, पण धुळीने माखलेला. संधी आपल्या पायांनी चालत आली होती! शेजारच्या वाळक्या वेलीवर सोनेरी, मखमली शेंगांचे घोस लोंबत होते. पान मात्र एकही नव्हतं. (पान नाही म्हणजे खाजकुयली नाही, असा याचा अभ्यास.) त्याने एक घोस तोडला, दगड घासूनपुसून लख्ख केला आणि अदबीने म्हणाला, “बसा बाबा. अगदी निर्धास्त बसा.”

बाबा पातळ लेंग्यात ऐसपैस बसले. आणि असे उठले की त्यांना गुडघेदुखी आहे यावर डॉक्टरचाही विश्वास बसला नसता.

“आई गं! कशाने पुसलंत हो?”

“शेंगांनी. मऊ होत्या, बाबा.”

“अहो, तीच खाजकुयली! हाताला कळलं नाही?”

“हातात मोजे होते ना.”

सासरे एका हाताने खाजवत त्याच्या मोज्यांकडे वळले. मग म्हणाले, “काढा ते.”

त्याने मोजे काढून दिले. सासऱ्यांनी ते शांतपणे स्वतःच्या हातांत चढवले, जावयाच्या मागे आले, त्याच्या शर्टाची कॉलर ओढून हात आत घातला आणि उघड्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

“शाब्बास, जावईबापू! शाब्बास!”

धाकट्याला एका दमात दोन शाब्बासक्या कधीच मिळाल्या नाहीत, हे थोरला अजून सगळ्यांना सांगतो. सांगताना पाठ तेवढी दाराच्या चौकटीला घासतो.